चूल सुटून सहा वर्षे झाली, तरी आईचा दम का वाढतो आहे?

पाटणची लेक

नमस्कार. माझ्या आईच्या आजाराविषयी येथे सविस्तर लिहीत आहे, कारण दवाखान्यात मिळणाऱ्या दहा मिनिटांत माझे निम्मे प्रश्न विचारायचेच राहून जातात.

आईचे वय ६३ वर्षे आहे. ती पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यातील आमच्या गावी भाऊ आणि वहिनी यांच्याजवळ राहते. मी नोकरीनिमित्त पुण्यात असते. आईने आयुष्यात विडी-सिगारेटला हात लावलेला नाही. मात्र वयाच्या आठव्या-नवव्या वर्षापासून ते २०१८ साली घरी गॅस येईपर्यंत तिचा सगळा स्वयंपाक चुलीवर झाला. आमच्या भागात पावसाळ्याचे चार महिने सरपण कधीच पुरते वाळत नाही. ओली लाकडे फुंकणीने फुंकत, पदराने डोळे पुसत ती भाकरी थापत असे आणि आम्ही भावंडे त्याच धुरात तिच्या शेजारी पाटावर बसून जेवत असू.

तिचा खोकला साधारण पंधरा वर्षांपूर्वी सुरू झाला. सुरुवातीला तो पावसाळ्यात आणि थंडीतच येई, सकाळी थोडा पांढरा बेडका पडे आणि मग दिवसभर बरे वाटे. त्याला कधी ॲलर्जी म्हटले गेले, कधी दमा, आणि अलीकडे 'आता वय झाले' एवढेच. वर्षातून तीन-चार वेळा इंजेक्शन, खोकल्याची बाटली आणि गोळ्या होत. दोन वर्षांपासून मात्र पाणंदीने शेताकडे जाताना ती तीन ठिकाणी थांबते, पाण्याची कळशी उचलून आणली की तिला काही वेळ बोलता येत नाही, आणि गेल्या वर्षभरात तिचे वजन पाच किलोंनी घटले आहे.

मागील महिन्यात मी तिला साताऱ्यास छातीच्या डॉक्टरांकडे नेले. एक्स-रे काढला, बेडक्याची क्षयासाठी तपासणी केली, त्यात क्षय आढळला नाही. नंतर नळीत जोराने फुंकण्याची तपासणी झाली. औषधाचा फवारा दिल्यानंतरच्या अहवालात एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात सोडलेली हवा) आणि एफव्हीसी (एकूण सोडलेली हवा) यांचे गुणोत्तर ०.५६ आहे आणि एफईव्ही१ अपेक्षित आकड्याच्या ४६ टक्के आहे. बसल्या जागी बोटावरच्या यंत्राने ऑक्सिजन ९४ दाखवला, सहा मिनिटे चालवल्यावर तो ८८ झाला. निदान 'सीओपीडी, तीव्र' असे लिहिले आहे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार. सकाळ-संध्याकाळ यंत्रातून ओढायच्या पावडरीच्या कॅप्सूल आणि गरज पडल्यास घ्यायचा पंप, असे औषध मिळाले आहे.

परवा गावी गेले तेव्हा समजले की पहिले आठ दिवस आईने त्या कॅप्सूल पाण्याबरोबर गिळल्या होत्या. यंत्र कसे वापरायचे ते दवाखान्यात एकदा सांगितले गेले होते, पण गर्दी होती, आणि आपल्याला ते कळले नाही हे तिने संकोचापोटी कोणालाच सांगितले नाही. मी तिच्या शेजारीच उभी होते आणि तिला समजले असे मी गृहीत धरले, याचे मला फार वाईट वाटते.

धूर थांबून सहा वर्षे झाली असताना दम वाढतोच कसा, हा माझा मुख्य प्रश्न आहे. त्याखेरीज, पंपाची सवय लागते असे शेजारपाजारचे सगळेच सांगतात, त्यात तथ्य किती? आणि भाऊ घरी ऑक्सिजनचे यंत्र घेण्याच्या विचारात आहे; त्यासाठी तो म्हैस विकायला निघाला आहे. हे यंत्र आता घ्यावे का?


भीमाकाठ

ताई, आपली काळजी समजू शकतो. माझ्या वडिलांना असाच त्रास वीस वर्षे होता. आम्ही त्यांना पंपापासून शेवटपर्यंत दूर ठेवले, कारण एकदा पंप लागला की तो सुटत नाही आणि पुढे त्याचाही उपयोग होत नाही, असे आम्हाला जाणत्यांनी सांगितले होते. ते श्वासाच्या गोळ्या घेत, आणि दरवर्षी कोजागिरीच्या रात्री खिरीतून दिले जाणारे दम्याचे औषध आम्ही न चुकता आणत असू. शेवटची काही वर्षे त्यांना झोपून राहावे लागले हे खरे, पण तो वयाचाही भाग असेल. पंप हा शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवावा, असे माझे मत आहे. मात्र तज्ज्ञांनी यावर लिहिले तर मलाही ते वाचायचे आहे.


छातीविकार, मिरज

पाटणच्या ताई, मी मिरजेत छातीच्या विकारांवर उपचार करतो. आपल्या आईंना मी तपासलेले नाही, त्यामुळे औषधाचे नाव किंवा मात्रा यांविषयी काही लिहिणार नाही. ते साताऱ्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचे आहे. परंतु आपण दिलेले आकडे पुरेसे स्पष्ट आहेत आणि त्यांच्या आधारे बरेच काही सांगता येते.

फुंकण्याच्या तपासणीला स्पायरोमेट्री म्हणतात. छाती पूर्ण भरून घेतलेला श्वास जोराने आणि अगदी शेवटपर्यंत सोडायचा असतो. निरोगी माणसाची बहुतेक हवा पहिल्या एका सेकंदातच बाहेर पडते. श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतरही पहिल्या सेकंदातील हवा आणि एकूण हवा यांचे गुणोत्तर ०.७० च्या खाली राहिले, तर नलिकांत कायमचा अडथळा आहे असे समजतात. आईंचे गुणोत्तर ०.५६ आहे. दुसरा आकडा, म्हणजे ४६ टक्के, हा अडथळा किती आहे ते सांगतो. ३० ते ४९ टक्क्यांचा गट तीव्र धरतात. दम्यात हा आकडा औषधानंतर बहुधा चांगला वर येतो आणि त्रासही काही दिवस असतो, काही दिवस मुळीच नसतो. आईंचा त्रास मात्र वर्षागणिक चढत गेला आहे. पंधरा वर्षांत ही तपासणी एकदाही झाली नाही याचे मला दुःख आहे, पण आश्चर्य नाही. आपल्याकडे रक्तदाब मोजल्याशिवाय रक्तदाबाची गोळी कोणी देत नाही, श्वासाची औषधे मात्र श्वास न मोजता वर्षानुवर्षे दिली जातात.

विडी न ओढणाऱ्या बाईला हा रोग कसा झाला, असे आपल्याला नातेवाईक विचारतील. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'द लॅन्सेट' या नियतकालिकात नेमक्या याच प्रश्नाचा आढावा घेतला होता आणि धूम्रपान न करणाऱ्यांमधील सीओपीडीचे सर्वांत मोठे कारण लाकूड, गोवऱ्या आणि पिकांचे काड यांचा धूर असावा, असे मांडले होते. भारतात या रोगाचे रुग्ण १९९० साली सुमारे २ कोटी ८१ लाख होते आणि २०१६ साली सुमारे ५ कोटी ५३ लाख होते, असा अंदाज आहे. चुलीपुढे आयुष्य काढलेल्या स्त्रियांचा त्यातील वाटा मोठा आहे. धुरातील अतिसूक्ष्म कण नाकाच्या चाळणीत अडकत नाहीत. ते अगदी बारीक नलिकांपर्यंत पोहोचतात, तेथे वर्षानुवर्षे सूज राहते आणि नलिकांच्या भिंती जाड व ताठर होतात.

आता आपला मुख्य प्रश्न. पंचविशी-तिशीनंतर प्रत्येकाचीच फुप्फुसे थोडी थोडी झिजतात. निरोगी माणसात एफईव्ही१ दरवर्षी साधारण २५ ते ३० मिलिलीटरने कमी होत जातो. निसर्गाने आपल्याला फुप्फुसाची शिल्लक एवढी दिली आहे की ही झीज उतारवयातही जाणवत नाही. आईंची शिल्लक धुराने आधीच निम्म्यावर आणली होती. चूल सुटल्यावर जादा झीज मंदावली असेल, पण झालेली झीज भरून आली नाही, आणि वयाची झीज चालूच राहिली. पन्नाशीत उरलेल्या फुप्फुसावर त्या शेताकडे जाऊ शकत होत्या; आता तेवढ्या श्रमासाठी लागणारी हवा आणि उपलब्ध हवा यांतील अंतर संपले आहे. म्हणून चूल सोडून उपयोग झाला नाही असे कृपया समजू नका. ती चालू असती तर हा अहवाल आणखी वाईट असता.

मात्र येथे मला एक प्रतिप्रश्न करायचा आहे. धूर खरोखर थांबला आहे का? घरात गॅस आला म्हणजे स्वयंपाकाची चूल सुटली. अंघोळीचे पाणी कशावर तापते? जनावरांचे खाद्य कशावर शिजते? मशेरी भाजली जाते का? रात्री डासांसाठी काय लावता? एक मच्छर अगरबत्ती पूर्ण जळाली की तिच्यातून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडू शकतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजले गेले होते. माझ्या अनुभवात दहापैकी सात-आठ घरांत धूर स्वयंपाकघरातून निघून पडवीत गेलेला असतो, घरातून गेलेला नसतो. पुढील वेळी गावी जाल तेव्हा एक संपूर्ण दिवस पहाटेपासून हेच पाहा.

भीमाकाठ, आपल्या वडिलांविषयी वाचून वाईट वाटले, आणि आपण मनापासून लिहिले आहे हेही जाणवले. म्हणूनच स्पष्ट लिहितो. पंपाची सवय लागत नाही. चष्मा लावणाऱ्याला चष्म्याची सवय लागली असे आपण म्हणत नाही. नजर कमी आहे म्हणून तो लागतो. साल्ब्युटामॉल या श्वासनलिका रुंदावणाऱ्या औषधाच्या पंपातील एका फवाऱ्यात साधारण १०० मायक्रोग्रॅम औषध असते, तर त्याच औषधाची ४ मिलिग्रॅमची गोळी घेतली तर चाळीस फवाऱ्यांइतके औषध पोटात जाते, तेथून साऱ्या शरीरभर फिरते आणि फुप्फुसापर्यंत त्यातील थोडेच पोहोचते. हात थरथरणे, छातीत धडधडणे हे गोळीनेच अधिक होते. कोजागिरीच्या औषधाविषयी एवढेच म्हणेन की श्रद्धेने खीर घ्यायची असेल तर घ्यावी, परंतु त्यासाठी पंप किंवा कॅप्सूल एक दिवसही बंद करू नये.

कॅप्सूल गिळण्याची चूक आपण समजता त्यापेक्षा पुष्कळ अधिक घडते, त्यामुळे आईंना आणि स्वतःलाही दोष देऊ नका. पावडरीच्या यंत्राला जोराचा आणि खोल श्वास लागतो, फवाऱ्याच्या पंपाला सावकाश आणि खोल. घरात दोन्ही असल्यामुळे गोंधळ होतो. कॅप्सूल यंत्रात बसवल्यावर आधी तोंड बाजूला करून श्वास पूर्ण सोडावा, यंत्रात फुंकू नये, कारण तोंडातील ओलाव्याने पावडर चिकटते. मग ओठ घट्ट मिटून झटक्यात ओढावे आणि जमेल तेवढा, शक्यतो दहा आकडे मोजेपर्यंत, श्वास रोखावा. नंतर कॅप्सूल पाहावी; पावडर उरली असेल तर पुन्हा ओढावी. कोयनेच्या पावसाळी हवेत कॅप्सूल उघड्या ठेवू नका, घेण्याच्या क्षणीच पाकिटातून काढा. फवाऱ्याच्या पंपाला स्पेसर, म्हणजे पुढे लावायचे नळकांडे, जरूर घ्या. त्यामुळे दाबणे आणि ओढणे यांची वेळ नेमकी जुळली नाही तरी चालते. औषधात स्टेरॉइड असेल तर प्रत्येक वेळी खळखळून चूळ भरून थुंकावी, नाही तर तोंडात बुरशी येते. आणि जर आईंना पावडर ओढण्याइतका जोर लागत नसेल, तर तसे डॉक्टरांना सांगावे. औषध तेच ठेवून साधन बदलता येते.

ऑक्सिजनच्या यंत्रासाठी म्हैस विकू नये, हे मी अगदी आग्रहाने सांगतो. १९८० साली अमेरिकेत आणि १९८१ साली ब्रिटनमध्ये झालेल्या दोन चाचण्यांनी दाखवले की ज्यांचा ऑक्सिजन बसल्या जागीही फार कमी असतो, त्यांनी दिवसातील १५ तासांहून अधिक ऑक्सिजन घेतला तर आयुष्य वाढते. व्यवहारात आपण साधारण ८८ किंवा त्याखाली स्थिर राहिलेला आकडा आणि धमनीतील रक्ताची तपासणी यांवरून ते ठरवतो. आईंचा बसल्या जागी आकडा ९४ आहे आणि तो फक्त चालल्यावर उतरतो. अशा रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ७३८ जणांच्या चाचणीत घरच्या ऑक्सिजनने आयुष्यही वाढले नाही आणि रुग्णालयात जाण्याची वेळही टळली नाही. तेच पैसे फ्लूच्या वार्षिक लशीवर, न्यूमोकॉकसच्या, म्हणजे न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धच्या, लशीवर, नियमित औषधावर आणि धूर न करणाऱ्या पाणी तापवण्याच्या सोयीवर खर्च करावेत.


पाटणची लेक

डॉक्टर, आपण इतका वेळ देऊन लिहिलेत, मी आपली मनापासून ऋणी आहे. शनिवार-रविवारी गावी जाऊन आले आणि आपण सांगितल्याप्रमाणे एक पूर्ण दिवस फक्त धूर पाहिला.

पहाटे साडेपाचला मागच्या पडवीत पाणी तापवायची चूल पेटते आणि ती आईच पेटवते, कारण तिला लवकर जाग येते. पावसाळ्यात पडवीला ताडपत्री बांधतात, त्यामुळे तो धूर जायला वाटच राहत नाही. आठवड्यातून एकदा तव्यावर मशेरी भाजली जाते. आई तोंडात तंबाखू धरत नाही, पण शेजारच्या काकूंसाठीही तीच भाजून देते. संध्याकाळी गोठ्यात माश्या आणि डास पळवण्यासाठी शेणी आणि कडुनिंबाचा पाला यांची धुरी होते, आणि गोठ्याची भिंत आईच्या खोलीला लागून आहे. रात्री तिच्या कॉटखाली मच्छर अगरबत्ती असते. हे सगळे लहानपणापासून माझ्या डोळ्यांसमोर घडत आले आहे, आणि तरीही मी येथे 'धूर थांबून सहा वर्षे झाली' असे लिहिले होते.

भावाने म्हैस विकण्याचा विचार सोडला आहे. पाण्यासाठी गॅसचा गीझर मोकळ्या हवेत बसवायचे ठरले आहे, आणि आईसाठी मच्छरदाणी आणली. मशेरी भाजणे थांबवण्याचे मात्र आईला पटत नाही, कारण काकूंना नाही म्हणणे तिला जड जाते. त्यावर वहिनीच काकूंशी बोलणार आहे.

आई आता घाबरून हालचालच करत नाही. दम लागला की फुप्फुसाला इजा होते असे तिला वाटते. हे खरे आहे का?


फिजिओथेरपिस्ट, नाशिक

ताई, दम लागण्याने फुप्फुसाला इजा होत नाही. इजा होते ती बसून राहण्याने, आणि ती फुप्फुसाला होत नसून पायांच्या स्नायूंना होते. हालचाल थांबली की मांड्यांचे स्नायू आटतात, आटलेला स्नायू तेवढ्याच कामासाठी अधिक हवा मागतो, त्यामुळे दम लवकर लागतो, म्हणून माणूस आणखी बसतो. आईंचे घटलेले पाच किलो वजन याच चक्राचा भाग असण्याची शक्यता आहे. तरीही घटलेल्या वजनाची दुसरी कारणे नाहीत ना, याची खात्री डॉक्टरांकडून अवश्य करून घ्यावी.

या रोगात अडचण श्वास घेण्यापेक्षा सोडण्यात अधिक आहे, हे आईंना समजावून सांगा. मी माझ्या रुग्णांना एसटीचे उदाहरण देते. आतले प्रवासी उतरण्याआधीच बाहेरचे चढू लागले तर गाडी खच्चून भरते आणि कोणालाच हलता येत नाही. अरुंद नलिकांतून जुनी हवा बाहेर पडायला वेळ लागतो. चालताना श्वास भराभर होऊ लागला की जुनी हवा आतच राहते, छाती फुगलेली राहते आणि नव्या हवेला जागा उरत नाही. म्हणून नाकाने हळू श्वास घ्यावा आणि गरम चहा निववताना फुंकतो तसे ओठ अर्धवट मिटून, घेण्याच्या दुप्पट वेळ लावून सोडावा. चालताना दोन पावलांत घ्यावा, चार पावलांत सोडावा. कळशी उचलताना किंवा उठताना, म्हणजे जोर लागतो त्या क्षणी, श्वास सोडायचा असतो. बहुतेक जण नेमका त्याच वेळी तो कोंडून धरतात. कपालभातीसारखे भराभर श्वासाचे प्रकार आईंना सध्या करू देऊ नका.

चालण्याची सुरुवात अंगणातच करा. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतपत दम लागेल असा वेग ठेवावा. थांबावे लागले तर थांबावे, भिंतीला किंवा काठीला टेकून थोडे पुढे झुकून उभे राहावे, दम बसला की पुन्हा चालावे. आज मिळून पाच मिनिटे जमत असतील तर पुढच्या आठवड्यात सात करावीत. त्यासोबत खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, आधी पाच वेळा आणि मग वाढवत दहा-पंधरा वेळा, हा मांड्यांसाठी उत्तम व्यायाम आहे. साताऱ्यात किंवा कराडमध्ये फुप्फुसांच्या पुनर्वसनाचा कार्यक्रम चालत असेल तर डॉक्टरांना विचारून त्यात सहा ते आठ आठवडे जावे. घरच्या व्यायामापेक्षा तेथे वेग आणि ऑक्सिजनचा आकडा यांवर कोणाचे तरी लक्ष राहते. आईंचा आकडा चालताना ८८ पर्यंत उतरतो, म्हणून सुरुवात देखरेखीखाली झालेली मला अधिक बरी वाटते.

कामे सोडू नयेत, पण त्यांची पद्धत बदलावी. खाली बसून, पुढे वाकून भाकरी थापताना पोट छातीवर दाबले जाते. ओट्यापाशी उंच स्टुलावर बसून त्या भाकरी करू शकतील. अंघोळही स्टुलावर बसून करावी. हात डोक्यावर नेऊन करायच्या कामांत, उदाहरणार्थ केस विंचरणे, दोरीवर कपडे वाळत घालणे, श्वासाला मदत करणारे खांद्याचे स्नायू गुंतून पडतात, म्हणून त्यांत दम लवकर लागतो. दोरी खाली बांधली की पुष्कळ फरक पडतो. जेवणही एका वेळी पोटभर न करता चार-पाच वेळा थोडे थोडे करावे. डाळ, उसळ, शेंगदाणे, दूध आणि चालत असेल तर अंडी, ही आईंच्या ताटात रोज हवीत.


लातूरकर

माझ्या वडिलांचा हा रोग पुढच्या टप्प्यावर आहे. त्यांचा ऑक्सिजन बसल्या जागी ८४-८५ राहतो, आणि रक्ताची तपासणी करून डॉक्टरांनीच दोन वर्षांपूर्वी घरी यंत्र लावायला सांगितले. आपल्या आईंना आज त्याची गरज नाही हे वाचून बरे वाटले. तरीही पुढे कधी वेळ आली तर उपयोगी पडावे म्हणून आमच्याकडून झालेली एक चूक येथे नोंदवतो.

पहिल्या हिवाळ्यात एका रात्री वडिलांना जास्त धाप लागली. त्यांना मिनिटाला १ लिटर ऑक्सिजन सांगितलेला होता. मी घाबरून तो ५ वर नेला. आकडा ९८ झाला आणि मला हायसे वाटले. पहाटे ते उठेनात. हाक मारली तर डोळे उघडत आणि पुन्हा झोपत. रुग्णालयात नेले तेव्हा कळले की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला होता. अशा काही रुग्णांत ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त दिला तर हा वायू आणखी साठतो, आणि म्हणून त्यांच्यासाठी ८८ ते ९२ एवढाच आकडा राखायचा असतो, हे मला त्या दिवशी समजले. आमच्या यंत्राच्या बटणावर आता १ च्या खुणेपाशी लाल चिकटपट्टी लावलेली आहे.

दुसरे म्हणजे आग. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण त्याच्याजवळची ठिणगी क्षणात भडकते. आमच्या घरी देवघर वडिलांच्या खोलीतच होते. समई, निरांजन, उदबत्ती सारे तेथेच. आईच्या मनाला लागले, पण देवघर आम्ही समोरच्या खोलीत नेले. भारनियमनासाठी इन्व्हर्टर आणि एक छोटा सिलिंडर भरून ठेवावा लागतो. बोटावरच्या यंत्राचा आकडा पाहतानाही सावध राहावे. बोट गार असेल किंवा नखाला मेंदी, रंग असेल तर तो चुकू शकतो. हात चोळून गरम करावा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे.


छातीविकार, मिरज

लातूरकर, आपण हे लिहिलेत ते फार चांगले झाले; ही चूक काळजीपोटीच होते आणि म्हणूनच ती अनेक घरांत होते.

पाटणच्या ताई, पावसाळ्याआधी एक काम करून ठेवा. आईंचा नेहमीचा दम केवढा, बेडका किती आणि कोणत्या रंगाचा, बसल्या जागी आकडा किती, हे एका कागदावर लिहून भिंतीला लावा. दम नेहमीपेक्षा वाढला, बेडका वाढला, किंवा तो पिवळा-हिरवा झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे, 'उद्या बघू' म्हणायचे नाही. प्रकृती मोठ्या पायऱ्यांनी खाली नेतात ते असे झटके, आणि प्रत्येक झटक्यानंतर फुप्फुस आधीच्या पातळीवर परत येतेच असे नाही. अशा वेळी बहुतेकदा स्टेरॉइडच्या गोळ्या थोडेच दिवस लागतात; स्वित्झर्लंडमध्ये झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पाच दिवसांचा उपचार चौदा दिवसांइतकाच उपयोगी ठरला होता. परंतु त्या गोळ्या घरी साठवून मनाने सुरू करू नयेत, आणि बऱ्या वाटल्या म्हणून महिनोन्‌महिने चालूही ठेवू नयेत. ओठ निळसर दिसले, वाक्य पूर्ण करता येईना, किंवा गुंगी आली, तर फोन करण्यात वेळ न घालवता १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी.

गीझरविषयी एक सूचना. गॅसचा गीझर बंद न्हाणीघरात कधीही बसवू नये, त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो. तो मोकळ्या हवेत ठेवण्याचे आपण आधीच ठरवले आहे. पावसाळ्यात त्याच्याभोवती ताडपत्री बांधली जाणार नाही, एवढे पाहा.


पाटणची लेक

ताडपत्रीचे भावाला लगेच कळवले. तपासणीची पुढची तारीख १२ तारखेची आहे; या वेळी कॅप्सूलचे यंत्र, पंप आणि नवा स्पेसर तिन्ही बरोबर नेऊन, आईने डॉक्टरांसमोर ते वापरून दाखवायचे असे ठरले आहे. काकूंना मशेरीविषयी वहिनीने सांगितले, आणि काकूंनाही वर्षभर खोकला आहे असे त्यातून कळले. त्याही आमच्याबरोबर साताऱ्यास फुंकण्याच्या तपासणीसाठी येणार आहेत.

काल रात्री आईने मला मोबाइलवर समोर बसवून कॅप्सूल ओढून दाखवली. दहापर्यंत आकडे मी मोजले, ती सातला थांबली. मग तिने यंत्र उघडून कॅप्सूल कॅमेऱ्यासमोर धरली. आत थोडी पावडर उरली होती. मी काही म्हणण्याआधीच तिने ती परत बसवली आणि दुसऱ्यांदा ओढली, आणि या वेळी कॅप्सूल रिकामी होती.